निळीचा खड्डा

४ जून

ठमे,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी, आणि दोन ओळी! "२९ तारखेला दुपारी येते. निळीचा अर्धा गड्डा हवाय, फक्त त्यासाठी." खाली सहीसुद्धा नाही. जसं काही मला तुझं अक्षर ओळखू येणार नाही. अगं, तुला पाटीवर हात धरून गिरवायला मीच शिकवलंय.

असू दे. फक्त त्यासाठी तर फक्त त्यासाठी. ये.

कार्ड नव्या पत्त्यावर आलं, म्हणजे आईचं घर रस्त्यात गेल्याचं माझं पत्र तू वाचलं होतंस तर. मला वाटलं होतं, न फोडताच फेकत असशील. फोन मी करत नाही. माझा नंबर दिसला की तुझा फोन मुका होतो, हे आता माझ्या जाड डोक्यातही शिरलंय.

तर नवी जागा. कारखान्याच्या मागे क्वार्टर आहेत, त्यातलं शेवटचं. दीड खोली. अर्धीत स्वयंपाक, एकीत मी. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतं आणि कुंड्यांच्या रांगा, वाळत घातलेल्या. दारापुढे चार पावलं अंगण आहे. पूर्वी इथूनच कारखान्याची माती काढायचे म्हणे. अशी चिकणमाती की पावसात चप्पल रुतली तर माणूस निघतं, चप्पल राहते.

आईची निळी मजेत आहे, फुलझाडं काही जागा बदलली म्हणून रुसत नाहीत. यंदा नऊ फुलं आली. आईच्या अंगणातही कधी सातच्या वर गेली नव्हती, आठवतं ना?

फेब्रुवारीत घर सोडताना मी आधी तिला उचललं, मग भांडी. इथे तिच्यासाठी खड्डा काय खणलाय म्हणून सांगू! दोन रविवार गेले. कंबरेइतका खोल, वर रुंद, खाली निमुळता. पण कुदळीचे घाव राहिले होते भिंतींना, खडबडीत, ओबडधोबड. मला ते बघवेना. माझं काम तुला माहीत आहे. कुंडी साच्यातून निघाली की ओली असतानाच आतून स्पंज फिरवायचा, रबराच्या पट्टीनं घोटायचं, बोट कुठे अडकायला नको. मग बुडाला माझा चौदा नंबर दाबायचा आणि कुंडी पुढच्या टेबलाकडे सरकवायची. सव्वीस वर्षं हेच. हात गप्प बसतात होय? गेले, स्पंज आणला, पट्टी आणली, आणि गुडघे टेकून खड्डा आतून घोटून काढला. सुपरवायझर तिकडून चालला होता. थांबून बघितलं आणि म्हणाला, "बाई, आता हा तेवढा भट्टीत घाला." सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, देखणा झाला होता खड्डा. त्यात नदीची वाळू, पालापाचोळ्याचं खत, आणि वर आपली राणी.

अर्धा गड्डा मी कापून ठेवणार नाही. तू आलीस की दोघी मिळून कापू. सुरीला मी धार लावून ठेवते.

ताई

११ जून

ठमे,

तुझं उत्तर नाही, आणि मी अपेक्षाही केली नव्हती. नुसतं कळवायला लिहितेय की तयारी झाली आहे.

खुर्ची एकच होती, दुसरी आणली. बारकीनं तिच्या घरची दिली. बारकी म्हणजे माझ्या पुढच्या टेबलावर बसते ती. मी कुंडी घोटून तिच्याकडे सरकवते, ती पितळी नळी घेऊन बुडाला भोक पाडते. दिवसाला दोनशे भोकं आणि तेवढ्याच गप्पा. ती म्हणते, "ताई, बहीण येणार म्हणून तू माणसात आलीस." मी म्हटलं, तोंड आवर आणि भोकं पाड.

हो, बोलणं आवरायला शिकलेय मी. बारकीला विचार. नको, तिला नको विचारूस.

चार दिवस पाऊस लागलाय. उघडतच नाही. वाळत घातलेल्या कुंड्या आत घेतल्या आहेत, त्यामुळे कारखान्यात चालायला वाट नाही. निळीच्या पानांची टोकं जराशी पिवळी पडली आहेत. काळजीचं काही नाही. जागा बदलली की सगळ्यांचंच होतं असं. मीही पहिले दोन महिने पिवळीच होते. ऊन आलं की सावरेल.

तू दुपारी येणार म्हणजे दोनच्या बसनं. स्टँडवर उतरलीस की कारखान्याचं धुराडं दिसतं, त्याच्याकडे चालत राहा. मी स्टँडवर येऊन उभी राहणार नाही, तुला आवडणार नाही ते मला कळतं. दारात असेन. चहा टाकून ठेवीन. फक्त झाडासाठी येणारं माणूसही चहा पितं. नाही प्यायलीस तरी चालेल.

तुझे डोळे कसे आहेत, हे विचारणार होते. मग वाटलं, दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला काय विचारायचं! मला मात्र चष्मा लागलाय. मी इथल्याच एका दुकानात जाऊन घेतला. तुझ्याकडे यायचं मनात होतं. तुझ्या दुकानापर्यंत आलेही होते एकदा. तू आत एका म्हाताऱ्या माणसाला अक्षरं वाचायला लावत होतीस. त्याला खालची ओळ दिसत नव्हती आणि तू न कंटाळता परत परत काचा बदलत होतीस. मी बाहेरूनच परतले. हे सांगणार नव्हते, पण आता लिहून गेलं, खोडत नाही.

वीतभर माती लागेल गड्ड्याबरोबर, तर पिशवी जाड आण. नाहीतर राहू दे, माझ्याकडे आहे.

ताई

१८ जून

ठमे,

२९ ला येऊ नकोस.

मला ताप आहे. डॉक्टर म्हणाले, लागण होणारा आहे, कुणाला जवळ येऊ देऊ नका. पाऊसही फार आहे, रस्ते बरे नाहीत. आणि पावसात गड्डा कापलेला चांगला नसतो, जखम सुकत नाही. सप्टेंबरात ये. तोवर मी बरी होईन.

निळी ठीक आहे.

ताई

२४ जून

ठमे,

मला ताप नव्हता.

निळी गेली.

एवढं लिहायला मला सहा दिवस लागले, आणि आता लिहिल्यावर बघते तर दोन ओळी. तुझ्या कार्डाएवढ्याच.

सतरा तारखेला पाऊस जरा थांबला म्हणून मी पानांवरची माती पुसायला गेले. एक पान धरलं, ते हातात आलं. ओढलं नव्हतं गं, नुसतं धरलं होतं. खालून तपकिरी, बुळबुळीत. मग दुसरं धरलं, तेही आलं. मग मी वेड्यासारखी एकेक पान धरत गेले, या तरी पानाला मूळ असेल म्हणून. सगळी आली. शेवटी हातात पेंढी आणि खाली काही नाही. वास असा, फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो ना, तसा.

गड्डा वर काढला. तुला आठवतो तो गड्डा, आल्यासारखा टणक, आई म्हणायची डोक्यात मारला तर टेंगूळ येईल. तो पिकून गेलेल्या केळ्यासारखा बोटांत दबला. तुझ्यासाठी धार लावलेली सुरी घेतली आणि कापत बसले. कुठेतरी पांढरं, टणक लागेल म्हणून. कापत कापत अंगठ्याएवढा एक तुकडा उरला, तो मला बरा वाटला. धुतला, पुसला, खिडकीत वाळत ठेवला. त्याच्या जिवावर तुला तापाचं खोटं पत्र लिहिलं. म्हटलं, सप्टेंबरपर्यंत हा तुकडा धरेल, एखादं पान काढेल, आणि तुला काही कळणार नाही. वीस तारखेला तोही मऊ पडला.

नऊ फुलं आली हेही खोटं होतं. एक दांडा आला होता, कळी न उमलता वाळली. तेव्हाच समजायला हवं होतं. मला समजलं नसेल असं नाही. मी त्या दांड्याकडे पाठ करून भांडी घासत होते, एवढं आठवतं.

पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी खड्ड्यात पाणी तसंच. वरची वाळू काढली तर खाली वीतभर उभं पाणी, स्वच्छ, माझं तोंड दिसेल असं. मला काही कळेना. बारकीला जेवणाच्या सुट्टीत घेऊन आले. ती वाकली, हात आत घातला, भिंतीवरून फिरवला. एरवी तिचं तोंड मिनिटभर बंद नसतं. ती तळापर्यंत चाचपत गेली. मग म्हणाली, "ताई, हा खड्डा माझ्याकडे सरकवायचा राहिला की गं."

आणि मी हसले! खरंच हसले. मग तिथेच चिखलात बसले.

कळलं ना तुला? चिकणमाती घोटली की तिच्यातून पाण्याचा थेंब जात नाही. हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? त्याच्यावरच माझं पोट आहे. मी जमिनीत कंबरेइतकी कुंडी केली, सव्वीस वर्षांत केली नाही अशी सुबक, आणि तिला भोक नव्हतं. भोकाचा विचारच आला नाही डोक्यात. भोक हे कधी माझं कामच नव्हतं. ते पुढच्या टेबलाचं. ओबडधोबड खड्डा तसाच सोडला असता, कुदळीच्या घावांमधून, भेगांमधून पाणी झिरपलं असतं कुठेतरी. कुणी आळशी बाई असती तर तिची निळी आज जिवंत असती. आणि वर थंडी नको लागायला म्हणून मी गड्ड्याच्या पाठीवर खताचं पांघरूणही घातलं होतं. आई सांगून सांगून थकायची, तिची पाठ उघडी राहू दे उन्हाला. कुणाचं ऐकायचं नाही ही खोड माझी.

आता दुसरं. ते याहून जड आहे, म्हणून मागे ठेवलं होतं.

आईला जाऊन आठ दिवस झाले होते. स्वयंपाकघरात मी कांदा चिरत होते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, मला निळीचा एक तुकडा दे ना." एवढंच मागितलंस तू त्या घरातून. आणि मी मान वर न करता म्हटलं, "तुझ्या हातात काही जगत नाही."

तुझी मुलगी जाऊन चार महिने झाले होते. दोन दिवसांची. काचेच्या पेटीत होती, तुला फक्त एक बोट आत घालू देत होते. मी बाहेर उभी होते, मी बघितलंय ते बोट. ते सगळं मला ठाऊक असताना मी ते वाक्य बोलले. तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगतेय. निसटलं नव्हतं. लागावं म्हणूनच बोलले होते.

का, ते सांगते. आईच्या शेवटच्या पंधरा दिवसांत तिला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं मी करत होते. तू तेव्हा अंथरुणाला खिळली होतीस, तुझं दुःख तुला पुरे होतं, हे मला कळत होतं. पण आई डोळे उघडायची आणि मला म्हणायची, "ठमे, आलीस?" रोज. मी म्हणायचे, आई, मी आहे, ताई. ती म्हणायची, "हो का? ठमी कधी येणार?" शेवटच्या दिवशी तर मी काही बोललेच नाही. ठमी होऊन बसले तिच्याजवळ. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, तुझे समजून. मला तुझा इतका राग आला होता ठमे, की तू समोर दिसलीस आणि मला जे सगळ्यात धारदार सापडलं ते मी फेकलं.

हे कारण झालं. ही माफी नव्हे. माफी मागते. तीन वर्षांत तुला सात पत्रं पाठवली मी. पाऊसपाणी, रस्ता, घर, चष्मा. एकातही हे लिहिलं नाही. वाटायचं, न बोलता जिरून जाईल. कुठे जिरतंय!

तू दारातूनच वळलीस त्या दिवशी. मागच्या दारानं गेलीस. मी खिडकीतून बघत होते. निळीपाशी तू वाकलीस, मला वाटलं चपलेचा पट्टा लावतेस. हाक मारायची होती. हाक मारली नाही, खिडकी लावून घेतली.

आता इथे तुला नेण्यासारखं काही उरलं नाही. म्हणूनच सांगते, ये. एकोणतीसलाच ये. झाड नाही, मी आहे. एवढ्यावर येता आलं तर बघ.

ताई

२९ जून

ठमे,

आज एकोणतीस. तुझं उत्तर आलं नाही. मी दारात दोन खुर्च्या मांडून बसणार होते, पण सकाळीच वाटलं, पुरे झालं हे बसणं. बस पकडली आणि तुझ्याकडे आले. आधी दुकानात गेले. तिथे काउंटरवर नवीन मुलगी. ती म्हणाली, "मॅडमनी नोकरी सोडली." मग तुझ्या इमारतीत आले, चार जिने चढले. तुझ्या दाराला कुलूप.

हे तुझ्या शेजारणीच्या घरात बसून लिहितेय, तिच्या कापायच्या टेबलावर. तिच्या गळ्यात टेप आहे, टेबलभर खडूच्या रेघा मारलेली कापडं. मला तिनं एक कोपरा मोकळा करून दिला. कागदही तिचाच.

मी माझं नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही ताई ना? नाक तेच आहे." मग तिनं मला बसवलं आणि पाणी दिलं. मग ती तुमच्या दोघांचं सांगू लागली.

तुमची तिकिटं तीस तारखेची होती म्हणे. तुझ्या त्या कमी बोलणाऱ्या नवऱ्याला तिकडे परदेशात काम मिळालं आणि तुम्ही दोघं कायमचे निघाला होतात. एकोणतीसला तू माझ्याकडे येणार होतीस, एक रात्र राहणार होतीस आणि सकाळी तिथूनच निघणार होतीस. एक रात्र! ठमे, तू रात्रभर राहणार होतीस? तुझ्या कार्डात तर दुपार होती.

"मग तुमचं पत्र आलं," शेजारीण म्हणाली. मी विचारलं, कुठलं? "तापाचं." तिनं टेप गळ्यातून काढून गुंडाळायला घेतली. म्हणाली, "पत्र वाचून ती म्हणाली, ताईला जन्मात कधी ताप आला नाही. तिला मी यायला नकोय." मग तू तिकिटं बदलून घेतलीस आणि तेवीसला गेलीस. माझं चोवीसचं पत्र इथे सव्वीसला आलं. शेजारणीनं ते ड्रॉवरमधून काढून दाखवलं. न फोडलेलं. मी त्याला हात लावला नाही.

ठमे, तुझं बरोबर होतं गं. मला कधी ताप येत नाही. पण बाकीचं चूक होतं.

मी म्हटलं, तिचा पत्ता द्याल? शेजारीण खाली बघायला लागली. "आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण तुम्हाला देऊ नका म्हणालीय. राग मानू नका. मी शब्द दिलाय." मी म्हटलं, राग कसला, शब्द दिलाय तर पाळायलाच हवा. माझा आवाज बरा होता असं मला वाटतं. तरी ती उठून चहा करायला गेली.

ती आत गेली तेव्हा मी तिच्या गॅलरीत उभी राहिले. आणि तिथे निळी होती.

आधी मला खरं वाटेना. मग मी खाली बसले. तीच पानं, तलवारीसारखी, मधे घडी पडलेली. गड्डा अर्धा मातीच्या वर, पाठ उघडी, उन्हात तापलेली. बोटानं दाबला, तर टणक. दोन नवे कोंब. कापलेला दांडा दिसत होता, म्हणजे फुलून गेली होती. कुंडीला भोवती सुतळी बांधलेली, वर धरायला गाठ मारलेली, कुठेतरी न्यायची असावी तशी. मी कुंडी तिरकी केली. बुडाला बारकीचं भोक, आणि त्याच्या शेजारी चौदा.

शेजारीण कप घेऊन मागे उभी होती. तिनं सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तू रुमालात बोटाएवढा तुकडा घेऊन आली होतीस, तुटका, आणि ऊन इथेच येतं म्हणून हिच्या गॅलरीत लावला होतास. म्हणजे तू चपलेचा पट्टा लावत नव्हतीस. "पहिलं वर्षभर काहीच नव्हतं त्यात," ती म्हणाली. "मी म्हणायचे, टाक तो. ती रोज सकाळी येऊन बघायची, जिवंत आहे का." कुंडी घ्यायला दोघी गेला होतात, तेव्हा तू दुकानातल्या सगळ्या कुंड्या उलट्या करून बघत होतीस, दुकानदार वैतागला होता. तिला तेव्हा कळलं नाही तू काय शोधत होतीस. यंदा तीन फुलं आली. सुतळी तूच बांधलीस, एकोणतीससाठी.

म्हणजे तुला गड्डा न्यायचाच नव्हता, कार्डातलं ते नुसतं निमित्त. तू आणणार होतीस.

तू दारात ती कुंडी घेऊन उभी राहिली असतीस, आणि मी चिखलाच्या खड्ड्यापाशी रिकाम्या हातांनी. मला तेव्हा काय वाटलं असतं ते मी आता इथे बसून मोजतेय. लाज वाटली असती, जन्माची. आणि मग चहा झाला असता. मी ते सगळं एका तापावर घालवलं.

ठमे, तुझ्या हातात जगतं. मी जे बोलले ते खोटं होतं तेव्हाही. तुझ्या मुलीच्या वेळीही तुझ्या हाताची काही चूक नव्हती. हे मी तुला समोर बसून सांगायला हवं होतं, तुझा हात धरून. आता कागदावर आहे.

शेजारीण म्हणाली, "घेऊन जा ना तुम्ही. तुमच्यासाठीच होती ती." तिनं सुतळीची गाठ माझ्या हातात दिलीसुद्धा. जड होती कुंडी. मी ती दारापर्यंत नेली. मग विचारलं, तिचा फोन येतो का तुम्हाला? "पंचवीसला आला होता. पोचल्याचा." मी विचारलं, काय म्हणाली? शेजारीण म्हणाली, "पहिल्यांदा झाडाचंच विचारलं. दर रविवारी करीन म्हणालीय."

मी कुंडी परत नेऊन ठेवली. होती त्याच जागी, उन्हात. माझ्या अंगणात खड्डा आहे अजून, पाणी भरलेला. तो बुजवला तरी मीच आहे तिथे. दर रविवारी तू विचारणार, जिवंत आहे का, आणि कुणीतरी तुला हो म्हणायला हवं.

हे पत्र आणि ते चोवीसचं, दोन्ही मी शेजारणीकडे ठेवते. तुझा फोन आला की ती तुला विचारेल, पाठवू का म्हणून. नको म्हणालीस तर ड्रॉवरमध्ये राहतील. तिला मी सांगितलंय की तुझ्यावर जोर करायचा नाही.

मी निघणार म्हणून आत्ता तिनं विचारलं, "ताई, तुम्ही कुंड्यांच्या कारखान्यात ना? मग सांगा, पाणी किती घालू हिला?" मी म्हटलं, ठमीनं काय सांगितलंय? ती म्हणाली, "बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच."

म्हटलं, मग तसंच करा. माझं ऐकू नका.

ताई